शांघायमधलं ससून

चीनमध्ये विमान बदलणाऱ्या प्रवाशाला व्हिसाशिवाय शहरात जाता येतं, पण किती वेळ, हे त्याच्या पासपोर्टवर ठरतं. युरोपातल्या बहुतेक देशांच्या, अमेरिकेच्या, जपानच्या माणसांना डिसेंबर २०२४पासून २४० तास मिळतात. त्या यादीत भारत नाही. आपल्या वाट्याला येतात २४ तास, तेही तिसऱ्या देशाचं पक्कं तिकीट हातात असलं आणि खिडकीमागच्या अधिकाऱ्याला आपलं म्हणणं पटलं तर. एवढ्यात काय बघून होणार, असं व्हँकूव्हरला निघण्याआधी घरात प्रत्येकाने विचारून घेतलं. विमानतळावरच पाय लांब करून पडा, हा सल्ला एकमताने मंजूर झाला होता.

मला तो पटला नाही. आठ-दहा दिवसांच्या सहलीत माणूस यादी करतो आणि मग यादी त्याला हाकते. सकाळी देऊळ, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी बोट. एका दिवसाच्या थांब्यात तसली चैन परवडतच नाही. एकच काहीतरी निवडावं लागतं. मी शांघायचा एक रस्ता निवडला आणि त्या रस्त्याच्या टोकाची एक इमारत. ती का, हे सोबतच्या मावशीला मुद्दाम सांगितलं नव्हतं.

मावशीची उभी नोकरी पुण्याच्या ससूनमध्ये झाली. स्टाफ नर्स म्हणून लागली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाली. लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती, म्हणून खांद्यावरच्या पिशवीत डिंकाचे लाडू. मोठ्या बॅगेत ठेव म्हटलं तर "बॅगा हरवतात" एवढंच उत्तर. बॅगा थेट व्हँकूव्हरला रवाना झाल्या होत्या, लाडू मात्र आमच्याबरोबर शांघाय बघायला निघाले.

पुडोंगच्या विमानतळावर या तात्पुरत्या परवान्याची खिडकी वेगळी असते. फॉर्म भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे, पुढच्या विमानाचा कागद दाखवायचा. आमच्या अधिकाऱ्याने मावशीच्या तोंडाकडे आणि पासपोर्टवरच्या फोटोकडे दोनदा पाहिलं. तो फोटो नोकरीत असतानाचा होता आणि त्यात ती राउंडवर असल्यासारखी कठोर दिसते. शिक्का बसला. बाहेर आल्याआल्या तिला पिण्याच्या पाण्याचा नळ दिसला, त्यातून कढत पाणी येत होतं. चिनी माणूस बारा महिने गरम पाणी पितो हे मी सांगितल्यावर त्या देशाबद्दलचं तिचं निम्मं मत तिथेच अनुकूल झालं.

शहरात जायला मॅग्लेव्ह आहे. चुंबकाच्या जोरावर रुळापासून किंचित वर तरंगत धावणारी ही गाडी जर्मन तंत्रावर बांधलेली, २००४पासून नियमित चालते. तीस किलोमीटरचं अंतर. पूर्वी ती ताशी ४३१ किलोमीटर गाठायची. हल्ली ३००च्या आसपासच ठेवतात. तरीही बसल्यावर लाडवांची पिशवी मांडीवर नीट लावेपर्यंत उतरायची वेळ येते. पुढे मेट्रो. इथे प्रत्येक स्थानकावर सामान एक्स-रेच्या यंत्रातून जातं. पडद्यावर एकसारख्या गोल वस्तूंची रांग उमटली तशी पहाऱ्यावरची मुलगी दचकली. डबा उघडावा लागला. मावशीने मराठीत, अगदी मुद्देसूद, डिंक, खारीक, खोबरं आणि बाळंतपण सांगितलं, वर एक लाडू पुढे केला. मुलीने दोन्ही हात हलवून नको म्हटलं आणि आम्हाला जाऊ दिलं.

नानजिंग रोडच्या स्थानकावर वर आलो की गर्दी अंगावर येते. हा शांघायचा खरेदीचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मधून फक्त पायी चालणारे. दुकानांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ब्रँड तेच, जे पुण्याच्या मॉलमध्ये आहेत. पैसे मोबाईलवरून, क्यूआर दाखवून. परदेशी कार्ड जोडलेलं अलिपे घरूनच तयार करून नेलं होतं, त्यामुळे अडलं नाही.

मला या रस्त्याशी काम होतं ते १९२५चं. त्या वर्षी मे महिन्यात शांघायच्या एका जपानी मालकीच्या कापड गिरणीत गू झेंगहोंग नावाचा कामगार मालकाच्या माणसांच्या गोळीने मेला. ३० मे रोजी विद्यार्थी आणि कामगार याच नानजिंग रोडवर जमले. शहराचा हा भाग तेव्हा आंतरराष्ट्रीय वसाहतीत होता; कारभार परदेशी व्यापाऱ्यांच्या मंडळाकडे, पोलीस त्यांचे. इंग्रज अधिकाऱ्याने हुकूम दिला, गोळ्या सुटल्या, माणसं पडली. बंदुका ज्यांच्या हातात होत्या त्यांत चिनी शिपाई होते आणि पंजाबातून आणलेले शीखही होते. लाल पगडीच्या या शिपायांना शांघायकर एका हेटाळणीच्या नावाने ओळखायचे, आणि ते नाव अजून जुन्या लोकांच्या तोंडात आहे. पीपल्स स्क्वेअरच्या बाजूला त्या ३० मेचं स्मारक आहे.

परदेशात फिरताना आपण स्वतःला बघे समजतो. आपला इथे काय संबंध, आपण आलो, फोटो काढला, निघालो. या रस्त्यावर ते जमेना. जिथे लोक आइस्क्रीम खात सेल्फी काढत होते तिथे कधीकाळी आपल्याकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा परक्याच्या पगारावर तिसऱ्याच माणसावर बंदूक रोखून उभा होता.

मावशीला हे सगळं चालता चालता सांगितलं. ती म्हणाली, "पोरांना पगार किती देत होते?" नोकरी केलेल्या बाईचा प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं.

नानजिंग रोड पूर्वेला संपतो तिथे एकदम आभाळ मोकळं होतं. समोर हुआंगपू नदी. काठाने जाणारा दीड किलोमीटरचा रस्ता म्हणजे बंड. नदीच्या अलीकडे, पाठीशी, जुन्या युरोपी थाटाच्या दगडी इमारतींची रांग: बँका, विमा कंपन्या, क्लब, कस्टमचं घड्याळवालं कार्यालय. पलीकडे पुडोंगचे मनोरे: गुलाबी गोळ्यांचा ४६८ मीटरचा टीव्ही टॉवर, त्यामागे ६३२ मीटरचा, वर जाताना पीळ घेत गेलेला शांघाय टॉवर. त्या काठावर १९९०पर्यंत बहुतेक गोदामं, गोद्या आणि शेतं होती. लोक जवळजवळ सगळे पलीकडे तोंड करून उभे होते. फोटो तिकडचेच निघतात. आम्ही दोघी उलट्या फिरलो.

मुंबईचा फोर्ट ज्याने पाहिलाय त्याला ही रांग ओळखू येते. तोच करडा दगड, तसलेच खांब, दारावर सिंह. यातली १९२३ची हाँगकाँग-शांघाय बँकेची इमारत आता दुसऱ्या बँकेकडे आहे. तिच्या प्रवेशाच्या घुमटात आतून आठ शहरांची मोझेक चित्रं आहेत, लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस वगैरे, आणि त्यांत कलकत्ताही आहे. क्रांतीनंतर कोणीतरी शहाणपणाने ती रंगाखाली झाकून टाकली, १९९७मध्ये खरवडून पुन्हा वर काढली.

ही रांग इथे उभी का राहिली, याचा धागा थेट आपल्या किनाऱ्याला येतो. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, चीनला इंग्रजांचं काहीच नको होतं. मग हिंदुस्थानातली अफू पाठवायची तोड निघाली. बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्त्याची; माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली, ती खाजगी व्यापाऱ्यांनी मुंबई बंदरातून पाठवायची. एका पेटीत साधारण ६० ते ६५ किलो. १८३०च्या दशकाच्या शेवटी वर्षाला ४०,००० पेट्या चीनला जात होत्या. १८३९मध्ये लिन झेशू या चिनी आयुक्ताने कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझोऊला, परदेश्यांकडून २०,०००हून जास्त पेट्या जप्त केल्या आणि समुद्रकाठी चुन्यात कालवून नष्ट केल्या. त्यावरून युद्ध झालं. चीन हरला. २९ ऑगस्ट १८४२ला नानजिंगजवळ यांगत्से नदीत ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या लढाऊ जहाजावर तह झाला, हाँगकाँग गेलं, पाच बंदरं परदेशी व्यापाराला उघडली, त्यातलं एक शांघाय.

ते कॉर्नवॉलिस जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेलं होतं. वाडिया या जहाजं बांधणाऱ्या पारशी घराण्याच्या हातचं, सागवानी, १८१३चं. इंग्रजी पुस्तकांतून तहाची चित्रं छापलेली असतात, त्यांत टेबलाभोवती बसलेले दोन्हीकडचे अधिकारी दिसतात. पायाखालच्या फळ्या मुंबईच्या सुतारांनी तासलेल्या होत्या, हे मला कळल्यापासून ते चित्र मी वेगळं बघते.

अफूच्या या व्यापारात मुंबईचे पारशी होते, गुजराती-मारवाडी होते, कोकणी मुसलमान होते, आणि बगदादहून आलेले ज्यूही होते. जमशेटजी जिजीभाईंची दौलत चीनच्या व्यापारातली. त्यातून मुंबईला जे. जे. इस्पितळ झालं, पुण्याला मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा बंधारा झाला. आणि बगदादहून १८३०च्या दशकात मुंबईला आलेल्या डेव्हिड ससूनची मोठी कमाईही कापूस आणि अफू यांतलीच. त्याचा मुलगा इलायस १८४४मध्ये चीनला गेला आणि ससूनांची पेढी शांघायला रुजली.

नानजिंग रोड जिथे बंडला मिळतो त्या कोपऱ्यावर हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची इमारत आहे. आता तिचं नाव पीस हॉटेल. मावशीला दाराशी नेऊन मी म्हटलं, "हे ससून हाऊस."

"कोणाचं?"

"ससूनचं. आपल्याच. तुझ्या ससूनच्या पणतूने बांधलंय, १९२९मध्ये."

ती काही क्षण वर बघत राहिली. मग पदर सारखा केला. पुणेकर बाईने पदर सारखा केला म्हणजे पुढे गंभीर काहीतरी येणार. "आत सोडतात का?" तिने विचारलं.

सोडतात. दरवानाने तर वाकून दार धरलं. आत पिवळ्या काचांचा अष्टकोनी घुमट, त्याखाली संगमरवरी फरशी, आर्ट डेको नक्षी. भिंतींवर आणि जाळ्यांवर अधूनमधून शिकारी कुत्र्याचं चिन्ह दिसतं, ते या घराण्याचं. वरच्या मजल्यांवर देशोदेशींच्या शैलीत सजवलेल्या खास खोल्या आहेत, त्यांत एक भारतीय आहे. बांधणारा व्हिक्टर ससून. पहिल्या महायुद्धात वैमानिक होता, अपघातात पाय जायबंदी झाला, पुढे जन्मभर काठ्यांच्या आधाराने चालला. घोडे पाळायचा, फोटो काढायचा, मेजवान्या द्यायचा. पण शांघायला येण्याआधी त्याचा मोठा कारभार मुंबईत होता: लालबाग-परळच्या गिरण्या. ई. डी. ससून हा गिरण्यांचा मोठा समूह. पुढे तोच विकला जाऊन इंडिया युनायटेड मिल्स झाला. दादरच्या ज्या इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक होतं आहे, ती त्याच समूहातली.

१९२८मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. लाख-दीड लाख कामगार बाहेर, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जोरात. मालकांच्या बाजूने बोलणाऱ्या मोठ्या नावांत व्हिक्टर ससून होता. करांचा बोजा, संप, स्वातंत्र्याची चळवळ, हे सगळं पाहून त्याने मुंबईतला पैसा हळूहळू काढून शांघायला लावला. जमिनी घेतल्या, हॉटेलं, भाड्याच्या उंच इमारती बांधल्या. म्हणजे या संगमरवरात सूतही होतं. कोकणातून येऊन गिरणीत राबणारे, दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे जे होते, त्यांच्या हातून गेलेलं सूत. आणि भांडवल ज्या शांघायला सुरक्षित म्हणून पळालं, तिथल्या रस्त्यावर तीनच वर्षांपूर्वी गिरणी कामगारांसाठीच गोळ्या खाल्लेली माणसं पडली होती. पैसेवाल्यांची भूगोलाची समज बरी नसते.

मावशी एका खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाहुण्याच्या घरी बसावं तशी. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे आपलं ससून अफूवर बांधलं?"

"सगळंच नाही गं. कापूस होता, कापड होतं, जमिनी होत्या. पण अफूही होती."

"माझ्या कमरेला त्या कपाटाची किल्ली असायची," ती म्हणाली. "दुहेरी कुलूप. आत मॉर्फिन, तेही अफूचंच. एक अँप्यूल हातातून फुटली तर काचा गोळा करून दाखवायच्या, वहीत लिहायचं, दोघींच्या सह्या. कोणाला दिली, किती दिली, उरलेली कुठे टाकली. मोजणी जुळल्याशिवाय ड्यूटी संपायची नाही. आणि हे लोक पेट्याच्या पेट्या?"

मी मान हलवली.

"त्या दवाखान्याच्या कोनशिलेसमोर आम्ही दरवर्षी हार घालायचो."

मी या गोष्टीवर पूर्वी पुष्कळ वाचलं होतं. दानशूर व्यापारी, त्यांचा काळा धंदा, इतिहासाचा न्याय वगैरे. त्यातल्या एकाही लेखात मला मावशीची दुहेरी कुलपाची वही भेटली नव्हती. अफू किती विषारी, यापेक्षा ती कोण मोजतं, कोणाला तिचा हिशोब द्यावा लागतो, हा तिचा मुद्दा होता. ससूनच्या वॉर्डात रात्रपाळीच्या नर्सला एकेका थेंबाचा हिशोब द्यावा लागायचा, आणि तो दवाखाना ज्याच्या नावाचा, त्याने हिशोब ठेवला तो फक्त नफ्याचा.

पण प्रकरण इथे मिटलं नाही, कारण मावशी न्याय करताना दोन्ही बाजू ऐकते. हॉटेलातल्या जुन्या फोटोंकडे बघत तिने विचारलं, "या पणतूने काही बरं केलं का?" केलं होतं. १९३८-३९मध्ये हिटलरच्या मुलखातून ज्यू जीव वाचवून पळत होते तेव्हा जगातली बहुतेक दारं बंद होती. शांघायला मात्र उतरायला व्हिसा लागत नसे. सुमारे २०,००० ज्यू इथे आले. व्हिक्टरने नदीकाठच्या आपल्या एम्बँकमेंट हाऊसचा तळमजला त्यांना उतरायला दिला, पैसेही दिले. आम्ही पहाटे एका दिवसाच्या शिक्क्यासाठी ज्या शहराच्या खिडकीसमोर उभ्या होतो, तेच हे शहर.

"आणि म्हातारा? आपला?"

आपला म्हणजे डेव्हिड. तो पुण्यात मेला, १८६४मध्ये. कँपातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, त्यानेच बांधायला घेतलं होतं, तिथेच त्याची कबर आहे. लाल देऊळ आणि ससून दवाखाना, दोन्ही १८६७चे. त्याने ते पुरे झालेले पाहिले नाहीत. त्याचा नातू जेकब याने मुंबईला फोर्टातलं निळं सिनेगॉग बांधलं, १८८४मध्ये, आणि त्याच्याच पैशाने इकडे शांघायला बायकोच्या आठवणीत ओहेल रेचेल नावाचं सिनेगॉग उभं राहिलं, १९२०मध्ये. कुलाब्याची ससून गोदी, जिथे पहाटे कोळणींचा मासळी बाजार भरतो, ती थोरल्या मुलाची, १८७५ची. या घराण्याने जिथे कमावलं तिथे बांधलंही. शांघायमध्ये मात्र दवाखान्यापेक्षा हॉटेलं जास्त बांधली, हे मावशीने लगेच टिपलं. "पुण्याला दवाखाना दिला आणि इथे अफू," ती म्हणाली. "उलटं करायला हवं होतं."

चहा घ्यावा असं मनात होतं, मेन्यूवरचा आकडा पाहून आम्ही उठलो.

भूक लागली होती. मावशी शाकाहारी, त्यामुळे माझी खरी परीक्षा इथे होती. पण शांघायला वाफेवरच्या गोल पावांत एक प्रकार हिरव्या पालेभाजीचा आणि मशरूमचा असतो, आणि तो गल्लीबोळातल्या टपरीवर बांबूच्या करंड्यांतून मिळतो. मोबाईलवर चिनी अक्षरं आणि ‘मांस नको’ असं लिहिलेलं दाखवलं. टपरीवालीने वाचलं, मावशीकडे पाहिलं, आणि दुसऱ्या करंडीतले काढून दिले. तीळतेलाचा वास, आत बारीक चिरलेली भाजी. मावशी म्हणाली, मीठ कमी आहे, पण पाव चांगला फुगलाय. तिच्याकडून ही प्रशस्ती समजावी.

खात खात आम्ही मागच्या जुन्या गल्ल्यांत गेलो. दगडी चौकटीची दारं, आत अरुंद बोळ, दोन्हीकडे दुमजली घरं, खिडक्यांतून बाहेर काढलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे, नळाशी पातेली घासणारी आजी. गिरगावातली चाळ दगडात बांधली तर अशी दिसेल. या घरांचा जन्मही परदेशी वसाहतीतला, गर्दी झाली तशी एकेका घरात चार-चार बिऱ्हाडं झाली. आता बऱ्याच पाडल्या गेल्या आहेत, काही रंगवून कॉफीची दुकानं झाली आहेत. ही एक अजून राहती होती.

आजीने मावशीच्या साडीचा काठ धरून पाहिला. मावशीने धरू दिला. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि एकमेकींना उत्तरं देत होत्या. मी भाषांतराचं ॲप काढलं तर दोघींनाही ते नको होतं. निघताना मावशीने ‘कोटणीस’ म्हणून पाहिलं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला आले, जपानविरुद्धच्या लढ्यात जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ला इथेच वारले. त्यांचं चिनी नाव के दिहुआ. ते मी सांगितलं तशी आजीचा चेहरा उजळला, तिने काहीतरी लांबलचक सांगितलं, हाताने टोचल्याची खूण केली. शांघायपासून त्यांचं काम फार दूर, उत्तरेला होतं, पण जुन्या शाळकरी पिढीला हे नाव ठाऊक आहे.

"त्यांनी तिकडच्या नर्सशी लग्न केलं होतं," परत येताना मावशी म्हणाली. गुओ छिंगलान. हे तिला माझ्याआधी माहीत होतं. नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये पोरींनी पाठच केलेलं.

यू गार्डनही झालं, धावतपळत. मिंग काळातल्या पान युनदुआन या अधिकाऱ्याने म्हाताऱ्या वडिलांसाठी १५५९मध्ये ही बाग सुरू केली. आता भोवती इतका बाजार आहे की बाग शोधावी लागते. नऊ वळणांच्या पुलावर माणसाला माणूस चिकटलेलं. १८४२मध्ये शांघाय घेतल्यावर ब्रिटिश फौजेने इथेच तळ टाकला होता, आणि त्या मोहिमेत मद्रास-बंगालच्या हिंदी पलटणीही होत्या, हे पुन्हा सांगायचा धीर मला झाला नाही. मावशी म्हणाली असती, तू मला फिरायला आणलंस की चौकशी समितीवर नेमलंस?

नोव्हेंबरात शांघायला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. संपूर्ण चीनला एकच घड्याळ, आणि हे शहर पूर्वेच्या किनाऱ्याला. परतीच्या वाटेवर बंडवर पुन्हा आलो तेव्हा दिवे लागले होते. एका काठाला पिवळा, दुसऱ्या काठाला जाहिरातींचा रंगीबेरंगी, आणि मधून सजवलेल्या बोटी. दगडी रांग अंधारात दिवसापेक्षा देखणी दिसते हे खरं आहे. सकाळपासून तिचे हिशोब काढूनही मला ती देखणी दिसली, आणि मी फोटो काढले, पुष्कळ काढले.

विमानतळाच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालत नाही, आपल्याकडच्या सिमच्या रोमिंगवर चालतं. मावशीने गेटजवळ बसून निवृत्त सिस्टरांच्या ग्रुपवर पीस हॉटेलचा फोटो टाकला आणि खाली एका बोटाने लिहिलं: हे आपल्या ससूनच्या पणतूचं हॉटेल, पैसा अफूचा आणि गिरण्यांचा. पुण्यात तेव्हा संध्याकाळ होती, बायका चहाला बसलेल्या असणार. उत्तरं धडाधड आली. एकीने लिहिलं, मग पेन्शन परत करायची का? दुसरीने, पेन्शन सरकार देतं, ससून नाही. तिसरीने जुना प्रसंग काढला, एका रात्री मॉर्फिनचा हिशोब एका अँप्यूलने चुकला होता आणि पहाटेपर्यंत कोणी घरी गेलं नव्हतं. मग त्यावर कोणाची ड्यूटी होती यावरून दोघींचं जुंपलं. मावशी चष्मा कपाळावर सरकवून सगळ्यांना निकाल देत बसली. बोर्डिंगची रांग लागली तरी तिचं टायपिंग चालूच होतं. एकीने विचारलं होतं, आमच्यासाठी काय घेतलंस शांघायहून? मावशीने लिहिलं, भाजीचा पाव घेतला होता, खाल्ला.